प्लेसर सोन्याच्या खाणीवर पाणी आणि गाळाची तळी कशी सांभाळायची

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की डॉसनला, म्हणजे कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या गावाला, खाणीवर कामाला यायचंय म्हणणाऱ्या कुणा ना कुणाचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला, सोनं कसं काढतात. पाण्याचं कुणीच विचारत नाही. मी इथे क्लोंडाइकमध्ये, म्हणजे डॉसनच्या आसपासच्या खोऱ्यात, सात सीझन काढलेत आणि माझं म्हणणं असं की नवीन माणसाच्या हातात पहिल्या दिवशी जे काम पडतं ते पंपाचं आणि तळ्याचंच असतं, आणि सीझन बुडतो तोही बऱ्याचदा तळ्यापायीच बुडतो. म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढतोय, जरा लांबलंय, पण कामाला यायच्या आधी वाचून ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लेसर म्हणजे नदी-ओढ्यांनी लाखो वर्षं वाहून आणलेल्या खडीत बसलेलं सोनं. १८९६ च्या ऑगस्टमध्ये रॅबिट क्रीकवर असं सोनं सापडलं, त्याच ओढ्याचं नाव पुढे बोनान्झा क्रीक पडलं, आणि त्या भागात आजही घरच्या माणसांनी चालवलेल्या खाणी आहेत. सायनाइड नाही, स्फोट नाहीत. एक्स्कॅव्हेटरने खडी उचलायची, ट्रॉमेलमध्ये (फिरती गोल चाळण) किंवा शेकरवर (हलती चाळण) पाण्याने धुवायची, मोठे दगड बाजूला आणि बारीक माल स्लूसवरून, म्हणजे उतरत्या पन्हाळीवरून, सोडायचा, सोनं जड असल्याने तिच्या तळाशी अंथरलेल्या मॅटिंगमध्ये (खरखरीत चटईत) बसतं आणि बाकीचं पाण्याबरोबर पुढे जातं. दगडगोटे लगेच पडतात, वाळू दहा पावलांवर पडते, पण माती, ती पडत नाही, ती पाण्यातच राहते, आणि ते चहासारखं पाणी जर सरळ ओढ्यात गेलं तर खाली ग्रेलिंग आणि सामन मासे जिथे खडीच्या फटींमध्ये अंडी घालतात त्या फटी लिंपून जातात. अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही, ती गुदमरून मरतात. इथे ही नाजूक गोष्ट आहे, कारण युकॉन नदीतला चिनूक सामन इतका कमी झालाय की एप्रिल २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने त्याची मासेमारी सात वर्षं बंद ठेवायचं ठरवलं. ट्रॉन्डेक ह्वेचिन, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांची तर अख्खी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत या माशावर उभी आहे. त्यांनी जाळी गुंडाळून ठेवली असताना आपण वरून गाळ सोडायचा हे मला तरी पटत नाही, लायसन्स काय म्हणतं हा पुढचा मुद्दा.

लायसन्सचंही सांगतो. युकॉनमध्ये पाणी वापरायचं तर युकॉन वॉटर बोर्डाचं वॉटर लायसन्स लागतं, आणि त्यात तुमच्या ओढ्यासाठी किती पाणी उचलायचं, बाहेर सोडलेल्या पाण्यात किती गाळ चालेल हे लिहिलेलं असतं. ओढा माशांसाठी किती महत्त्वाचा आहे त्यावरून आकडा बदलतो, म्हणून शेजारच्या खाणीचा आकडा आपला समजू नका, आपल्या लायसन्सची कॉपी पंपाच्या शेडमध्ये लावून ठेवा. पलीकडे अलास्कात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा १९८८ चा नियम आहे, एका लिटरमध्ये बसणारा गाळ ०.२ मिलिलिटरच्या वर जाता कामा नये. ०.२ मिलिलिटर म्हणजे किती, तर ड्रॉपरचे चार थेंब. एवढा.

आता कामाकडे.

सगळ्यात आधी स्वच्छ पाणी बाहेर ठेवा

नवीन माणूस सुरुवात तळं खोदण्यापासून करतो, इथेच चुकतं. आधी टेकडीवर चढून बघा पाणी कुठून कुठून येतंय. ओढा, बर्फ वितळून येणारे झरे, पावसाचं पाणी, हे सगळं जर तुमच्या कामाच्या खड्ड्यात आणि तळ्यात शिरत असेल तर तुम्ही चांगलं पाणी घाण करून मग ते साफ करत बसणार. आपल्याकडे शेतात वरच्या बाजूने चर मारतात ना, पाणी वावरात घुसू नये म्हणून, अगदी तसाच चर उताराच्या वरच्या अंगाला मारायचा आणि पाणी वळवून खाणीच्या खाली ओढ्याला जोडायचं. चराचा उतार कमी ठेवा, जास्त उतार दिला की चरच स्वतः माती कापायला लागतो, आणि जिथे वळण आहे तिथे मोठे दगड टाका, खाणीवर दगडाला तोटा नसतो. ओढाच वळवायचा असेल तर ते लायसन्समध्ये असेल तरच, आणि नवीन पात्र कोरडं असतानाच पूर्ण तयार करून, दगड लावून, मग हळूहळू पाणी सोडायचं, एकदम सोडलंत तर पहिल्या तासातच सगळी माती खाली.

इथली एक खास भानगड म्हणजे काळा मक. खडीच्या वर कित्येक मीटर गोठलेला काळा गाळ असतो, हजारो वर्षं बर्फात राहिलेली माती, गवत, मुळं. २१ जून २०२२ ला युरेका क्रीकवर असाच मक काढताना तीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं मॅमथचं अख्खं पिल्लू मिळालं, कातडी-केसांसकट, तिचं नाव नुन चो गा ठेवलं. तर असा हा मक उघडा पडला की उन्हाने वितळतो, आणि जूनमध्ये इथे रात्र अशी होतच नाही, त्यामुळे तुमचं मशीन बंद असलं तरी मक ठिबकतच असतो आणि ती काळी लापशी खाली येतच असते. तिच्यासाठी वेगळं तळं ठेवा. धुण्याच्या पाण्याच्या तळ्यात ती येऊ दिलीत की चांगलं चाललेलं तळं दोन दिवसात निकामी होतं.

आपली माती कसली आहे ते बरणीत बघा

हा टेस्ट कुणीही करू शकतो आणि तरी लोक करत नाहीत. लोणच्याची काचेची सरळ बरणी घ्या, त्यात मूठभर खडीतली बारीक माती, वर ओढ्याचंच पाणी, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा आणि टेबलावर ठेवून घड्याळ लावा. वाळू मिनिटाच्या आत खाली. त्यानंतर मळी बसायला लागते, १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १० सेंटिमीटर खाली जायला साधारण वीस मिनिटं घेतो. आणि ८ तासांनंतरही वरच्या १० सेंटिमीटरमध्ये जे तरंगतंय ती चिकणमाती, २ मायक्रॉनच्या खालची. हे आकडे खोलीतल्या २० अंश तापमानाचे आहेत. ओढ्याचं पाणी ५ अंशाचं असतं, थंड पाणी दाट, त्यामुळे तोच कण तिथे दीडपट वेळ घेतो. हे लक्षात ठेवा कारण मे महिन्यात आणि सप्टेंबरमध्ये तेच तळं जुलैपेक्षा वाईट चालतं आणि लोक पंपाला दोष देत बसतात.

बरणीत सकाळपर्यंत पाणी निवळलं तर तुम्ही सुदैवी. सकाळीही दुधाळ असेल तर समजा की नुसत्या तळ्याने भागणार नाही, पाणी बाहेर न सोडता फिरवून वापरावं लागणार, त्याचं पुढे सांगतो. आणि एकाच जागची माती घेऊ नका. एकाच क्लेमवर (खणायचा हक्क असलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) ओढ्याच्या पात्रातली खडी स्वच्छ निघते आणि वर बेंचवरच्या, म्हणजे खोऱ्याच्या कडेच्या उंच पायरीवरच्या, खडीत चिकणमाती असते, तर जिथे जिथे खणणार तिथली तिथली बरणी भरा, बरणीवर टेप लावून जागा लिहा.

तळं किती मोठं लागेल

इथे सगळ्यांचा गैरसमज एकच, खोल खणलं की झालं. नाही. कण बसतो की नाही हे तळ्याच्या पसरटपणावर ठरतं, खोलीवर नाही. तळं दुप्पट खोल केलं तर पाणी दुप्पट वेळ थांबतं खरं, पण कणालाही दुप्पट खाली जायचं असतं, हिशोब तिथेच. खोली लागते ती गाळ साठवायला आणि खालचा गाळ वरच्या प्रवाहाने परत उचलला जाऊ नये म्हणून.

हिशोब करून दाखवतो. समजा स्लूसमधून सेकंदाला १०० लिटर पाणी येतंय, म्हणजे तासाला ३६० घनमीटर. ५ अंशाच्या पाण्यात २० मायक्रॉनचा कण तासाला साधारण ८५ सेंटिमीटर खाली जातो. तळ्याला लागणारी जागा म्हणजे ३६० भागिले ०.८५, ४२३ चौरस मीटर. आता १० मायक्रॉनचा कण बसवायचा असेल तर तो तासाला २१ सेंटिमीटरच जातो, कण अर्धा झाला की वेग चौथाई होतो, मग ३६० भागिले ०.२१, जवळजवळ १,७०० चौरस मीटर. कण अर्धा, जागा चौपट. आणि २ मायक्रॉनची चिकणमाती तासाला एक सेंटिमीटरसुद्धा जात नाही, तिला एक मीटर खाली जायला पाच दिवस लागतात, तेवढं तळं कुणाच्या क्लेमवर मावणार. शिवाय हे सगळं एकदम शांत पाण्याचं गणित, खऱ्या तळ्यात वारा असतो, कोपरे मेलेले असतात, म्हणून मी आलेल्या आकड्याच्या दुप्पट जागा धरतो आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

आकार लांबट ठेवा, लांबी रुंदीच्या तिप्पट तरी, पाचपट मिळाली तर उत्तमच. पाणी एका टोकाला शिरलं पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला निघालं पाहिजे. हे वाचायला बाळबोध वाटतं पण मी अशी तळी बघितलीयेत की पाणी कोपऱ्यातून शिरतं, कडेकडेने वाट काढतं आणि पाच मिनिटात बाहेर, मधलं सगळं तळं नुसतं शोभेला. तुमचं तळं असं करतंय का ते बघायला संत्र्याची सालं घ्या, इनलेटला मूठभर टाका आणि घड्याळ लावून आउटलेटला जाऊन उभे राहा. वारा नसताना करा, नाहीतर वाऱ्याचंच माप निघेल. हिशोबाने दोन तास लागायला हवेत आणि सालं वीस मिनिटात हजर झाली तर मध्ये आडवा बांध घाला किंवा जिओटेक्स्टाइलचा (बांधकामातल्या जाड कापडाचा) पडदा लावा म्हणजे पाणी नागमोडी जाईल. इनलेटलाही पाणी पाइपातून धाडकन पडू देऊ नका, आधी दगडांच्या ढिगावर पाडा, पसरू द्या.

एका मोठ्या तळ्यापेक्षा ओळीने तीन बरी. पहिलं छोटं, प्लांटच्या (खडी धुण्याच्या यंत्रणेच्या) अगदी खाली, त्यात वाळू आणि बारीक खडी पडते, ते रोज एक्स्कॅव्हेटरने उपसायचं. रोज म्हणजे रोज, शिफ्ट संपताना. ते भरलं की वाळू पुढे सरकते आणि मोठं तळं वाळूने भरतं, जे उपसायला मशीनचा हात पोचत नाही. दुसरं मोठं, निवळायचं. तिसरं साठवणीचं, ज्यातून पंप उचलतो.

आणि गाळ किती येणार त्याचाही अंदाज घ्या. दिवसाला १,००० घनयार्ड खडी धुतली, म्हणजे ७६५ घनमीटर, आणि त्यात दहा टक्के बारीक माती धरली तर रोजचे ७६ घनमीटर झाले, पण ताजा गाळ पाण्याने फुगलेला असतो, दीडपट-दुप्पट जागा खातो, म्हणजे रोजचे १२०-१५० घनमीटर. शंभर दिवसांच्या सीझनला १२ ते १५ हजार. एवढं तळं मे महिन्यात कुणीच खोदत नाही. म्हणून इथली चांगली माणसं खणायचा क्रम असा लावतात की पहिला कट (खणलेला खड्डा) खणून झाला की तोच पुढच्या कटचं तळं होतो. हा क्रम हिवाळ्यातच कागदावर काढून ठेवा, जुलैमध्ये सुचत नाही.

बांध

बांध घालताना खालची शेवाळ, मुळं, मक सगळं साफ काढून कठीण जमिनीपर्यंत जा, आणि मधोमध लांबीभर एक चर खणून त्यात मातीकट माल दाबून भरा, म्हणजे बांध जमिनीत रुतून बसतो. आपल्याकडे जुनी माणसं बांधाचा पाया खणतात तेच. मग ३० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर भरलेला रॉक ट्रक किंवा डोझर फिरवायचा. उतार उभ्याला दोन आडवे, यापेक्षा खडा नको. माथा ३-४ मीटर रुंद, कारण उद्या त्यावरून एक्स्कॅव्हेटर न्यावा लागणार. पाण्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा एक मीटर खाली.

गोठलेली ढेकळं बांधात घालू नका. मे महिन्यात ती दगडासारखी कडक असतात, मस्त बसलीयेत असं वाटतं, आणि जूनअखेर ती वितळली की बांधाच्या पोटात पोकळ्या. तसंच जुन्या ड्रेजच्या (पाण्यावर तरंगत खडी उपसून धुणाऱ्या अवाढव्य मशीनच्या) ढिगाऱ्यावर, ड्रेज नंबर चार १९५९ पर्यंत बोनान्झावर चालला, त्याने आणि बाकीच्या ड्रेजांनी मागे टाकलेले ते अळीसारखे वळलेले दगडांचे ढीग अजून खोऱ्याखोऱ्यात आहेत, त्यावर तळं केलंत तर ते चाळणीसारखं गळतं. कधी कधी ही गळती उपयोगाचीही असते, पाणी दगड-वाळूतून गाळून निघतं, पण मग ते खाली कुठे फुटतंय ते शोधून तिथेही सॅम्पल घ्यायचं, कारण ओढ्याला मिळालं की ते तुमचंच पाणी.

बांधाच्या पायथ्याशी रोज चाला. ओल दिसली तर घाबरायचं कारण नाही, मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर स्वच्छ आहे तोवर लक्ष ठेवा, खुंटी मारून किती वाढतोय ते बघा. पाझर गढूळ झाला की समजा आतून माती निघतीये, बांध पोखरला जातोय, आणि तेव्हा उद्यावर टाकायचं नाही, प्लांट बंद, तळ्याची पातळी उतरवायची, आणि पाझराच्या तोंडावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा भार टाकायचा, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. चिखल लावून तोंड बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मातीचा बांध सांगतो आधी, आपण ऐकायचं असतं.

सांडवा, आणि माझ्या पहिल्या सीझनची गोष्ट

सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाट, ती भरावावरून न काढता बाजूच्या मूळ जमिनीतून काढा, रुंद आणि उथळ, दगड लावून. पाइपावर अवलंबून राहू नका.

माझ्या पहिल्या खाणीवर (नाव लिहीत नाही) बांधातून बारा इंची पाइप काढलेला होता, तोच आउटलेट आणि तोच सांडवा. ऑगस्टमध्ये दोन दिवस पाऊस लागून राहिला, प्लांट बंद होता, सगळे कॅम्पमध्ये. पहाटे चारला पंप बघायला म्हणून गेलो तर पाणी बांधाच्या माथ्यावर आलेलं, आणि मधोमध वीतभर रुंदीची एक धार पलीकडे उतरत होती. वीतभर. मी फावडं आणायला पळालो, पाच-सात मिनिटं गेली असतील, परत आलो तर ती धार माझ्या उंचीइतकी खोल घळ झाली होती आणि कडेची माती ढासळत होती, आवाज बैलगाडी पुलावरून जाते तसा. काहीच करता आलं नाही. अर्ध्या तासात तळं रिकामं आणि ओढा चॉकलेटी, खाली दिसेल तिथवर. नंतर पाइप उकरला तर तोंडात बीव्हरने (ओढ्यावर फांद्यांचे बांध घालणारा प्राणी) फांद्या आणि चिखल ठासून भरला होता, इतका व्यवस्थित की हाताने निघेना. बीव्हरचा त्यात काही दोष नाही, वाहतं पाणी ऐकलं की ते अडवणं हे त्याचं काम. जाळी आम्ही लावली नव्हती, दुसरा सांडवा आम्ही ठेवला नव्हता, रात्री फेरी मारायला आम्ही गेलो नव्हतो. मालकाने सकाळीच स्पिल लाइनवर, म्हणजे अशी गळती कळवायच्या सरकारी नंबरवर, फोन केला, ते बरं केलं. तरी आमचे तीन आठवडे गेले, आणि क्लोंडाइकच्या सीझनमध्ये तीन आठवडे म्हणजे खूप होतात. त्या शरदात मी खालच्या वळणावर जाऊन बसायचो, खडीवर बोटभर गाळाचा थर होता, बोटाने ओरखडा काढला तर खाली गोटे दिसायचे. ते मी विसरलेलो नाही.

तर असं काही झालंच तर क्रम असा. पहिले पाणी येणारे पंप बंद. मग माणसं आणि मशीन बांधावरून मागे. मग फोन, लपवायचं नाही. मग फोटो आणि सॅम्पल, वर आणि खाली दोन्ही.

रोजचं माप

गाळ मोजायला इम्हॉफ कोन वापरतात, एक लिटरचा उलट्या टोपीसारखा पारदर्शक शंकू, खाली टोकाला बारीक खुणा. आउटलेटचं पाणी भरायचं, सॅम्पल नीट ढवळून, स्टँडमध्ये उभं करायचं, ४५ मिनिटांनी काचेच्या कांडीने कडेला चिकटलेलं हलकेच सुटं करायचं, परत १५ मिनिटं, आणि एक तास झाला की टोकाचा गाळ वाचायचा. डोळा खुणेच्या पातळीत आणा, वरून बघितलं की चुकतं. कोन उन्हात ठेवू नका, एका बाजूने तापलं की आत पाणी फिरायला लागतं आणि गाळ बसत नाही. सॅम्पल तळ्याच्या काठावरून बाटली बुडवून घेऊ नका, सांडव्यावरून पडणाऱ्या धारेतूनच घ्या.

एक गोष्ट समजून घ्या, कोनमध्ये शून्य आलं म्हणजे पाणी स्वच्छ असं नाही. तासाभरात बसतं तेवढंच कोन दाखवतो, चिकणमाती वर तशीच तरंगत असते आणि पाणी दुधाळ असतं. म्हणून गढूळपणाही बघा. मीटर नसेल तर निदान रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी, पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन फोटो काढा, आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो.

वहीत रोज लिहा, तारीख, पंप किती तास चालला, तळ्यात रोवलेल्या खांबावर पातळी किती, कोनचा आकडा, पाऊस, आणि ओढ्याचं वरचं आणि खालचं सॅम्पल. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई इथल्या ओलीत पसरते. इन्स्पेक्टर आला की पहिली वही मागतो, आणि जिची पानं चिखलाने माखलीयेत अशा वहीवर त्याचा विश्वास बसतो असं माझं निरीक्षण आहे, एकाच दिवशी एकाच हाताने भरलेली वही लगेच कळते.

पाणी फिरवून वापरणं

चिकणमाती असेल तर बाहेर सोडायचंच नाही, तिसऱ्या तळ्यातून पंप परत प्लांटला देतो आणि तेच पाणी फिरत राहतं. ओढ्यातून फक्त तूट भरायची, म्हणजे जे खडीबरोबर जातं आणि जे जमिनीत मुरतं तेवढं. ओढ्यातल्या पंपाच्या सक्शनला (पाणी ओढणाऱ्या तोंडाला) बारीक जाळी हवीच, माशांची पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून, आणि ती रोज ब्रशने साफ करायची. तळ्यातल्या पंपाची सक्शन तरंगत्या ड्रमवर बांधा, पृष्ठभागाच्या थोडं खालून पाणी घ्या, तळाशी टेकवलीत तर गाळच फिरवत बसाल आणि पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) महिन्यात झिजेल.

फिरवलेलं पाणी हळूहळू दाट होत जातं. थोडं गढूळ असलं तर सोन्याला फरक पडत नाही, पण पातळ पिठल्यासारखं झालं की बारीक सोनं, पिठाएवढं बारीक असतं ते, मॅटिंगवर बसायच्या ऐवजी गाळाबरोबर घसरत जातं. म्हणून आठवड्यातून एकदा टेलिंगमधला, म्हणजे स्लूसमधून बाहेर पडलेल्या मालातला, एक पॅन (पसरट ताटली) भरून धुऊन बघा. त्यात पिवळा रंग दिसायला लागला की एक-दोन दिवस धुणं थांबवा आणि पाणी निवळू द्या, तेवढ्यात मशीनची सर्व्हिसिंग करून घ्या.

तुरटीचं बरेच जण विचारतात, आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायच्या, निवळीची बी उगाळायच्या, मग इथे का नाही. तत्त्व तेच आहे, कण एकमेकांना चिकटले की मोठे होतात आणि मोठा कण लवकर बसतो, वर गणितात बघितलंच. फ्लॉक्युलंट म्हणून पॉलिमर मिळतात. पण लायसन्समध्ये परवानगी असल्याशिवाय थेंबभरही टाकायचं नाही, काही पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना घातक असतात, आणि जास्त टाकलं की उलट परिणाम होतो. परवानगी असेल तर आधी बरणीत वेगवेगळ्या मात्रा करून बघा, मग तळं. मी स्वतः एकाच सीझनला वापरलंय आणि माझं मत, आधी तळ्याचा आकार सुधारा.

गाळ उपसताना

तळ्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो, साय आलेली असते, तडे गेलेले असतात, आणि खाली दही. त्यावर पाय टाकू नका. माणूस मांडीपर्यंत जातो आणि स्वतःहून निघत नाही. काठावर एकट्याने काम नको, अंगात लाइफ जॅकेट, हाताशी दोर. एक्स्कॅव्हेटर काठाच्या अगदी टोकाला लावून स्वतःच्या खालची माती काढायची नाही. डिझेल भरणं पाण्यापासून ३० मीटर लांब.

उपसलेला गाळ ओढ्याकडच्या अंगाला कधीच टाकू नका, पहिल्या पावसात परत जातो. वरच्या बाजूला कडं करून त्यात टाका, पाणी निथळू द्या. आणि तो फेकायचा माल समजू नका. खाण बंद करताना जमीन परत हिरवी करायची असते, नुसत्या धुतलेल्या खडीवर काही उगवत नाही, पण तीवर हा गाळ आणि राखून ठेवलेला मक पसरला की विलोची झुडपं आपोआप धरतात. आमच्या एका जुन्या कटवर असं केलं होतं, चौथ्या वर्षी तिथे डोक्याएवढी झाडी होती आणि मूस (मोठ्या जातीची हरणं) चरायला यायला लागले.

सप्टेंबरअखेर

रात्री पाणी गोठायला लागलं की आवराआवर. धुणं बंद करून तळं आठवडाभर निवळू द्या, मग वरचं स्वच्छ पाणी लायसन्सच्या आकड्यात बसतंय का मोजून हळूहळू उतरवा, सगळं नाही, गाळ झाकलेला राहील एवढं ठेवा. सांडवा रुंद करा, हिवाळ्यात लागेल त्याच्या दुप्पट, कारण इथे ओढे वरून गोठतात, खालचं पाणी बर्फ फोडून वर येतं, पुन्हा गोठतं, असे थरावर थर चढतात आणि मे महिन्यात वितळणारं पाणी नेहमीची वाट बुजलेली बघून भलतीकडे वळतं. वळवलेल्या चरातून फांद्या, पाइपाचे तुकडे, सगळं काढा. पंपातलं पाणी काढून टाका, फूट व्हॉल्व्ह (सक्शनच्या टोकाची झडप) वर घ्या, नाहीतर पंपाचं केसिंग फुटतं. सांडव्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब रोवून त्यावर नारिंगी रिबन बांधा, वसंतात सगळं पांढरं असताना जागा सापडते.

आणि मे महिन्यात परत आलात की पंप ट्रकमधून उतरवायच्या आधी पूर्ण बांधावरून एकदा चालत जा, माथ्यावर कुठे खड्डा पडलाय का, तडा गेलाय का, पायथ्याशी ओल कुठवर आलीये, सांडव्यात बर्फ किती आहे, ते वहीच्या नव्या पानावर लिहा. बर्फ असेल तर आधी तो फोडा.